जाखमातेवरून जाताना

आमच्या कुसरवाडीची जाखमाता धरणाच्या पाण्याखाली गेली. देऊळ गेलं, भाताची खाचरं गेली, आंब्याची राई गेली. त्या पाण्यावर तयार झालेली वीज डोंगर उतरून मुंबईला गेली आणि आम्ही डोंगर चढून उतारावर राहायला गेलो. तिथे नाचणी होते, वरी होते, भात होत नाही. एवढं सगळं बुडालं, पण देवीचा वचक काही बुडाला नाही. तो आमच्याबरोबर सुखरूप वर आला. माझा धरणवाल्यांवर राग आहेच. त्याहून थोडा जास्त राग या वचकावर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळापुढच्या दीपमाळेचं टोक वर दिसायचं. पावसाळ्यात ते पाण्याखाली असायचं, पण फार खोल नाही. धरणवाल्यांच्या लाँचचा पंखा त्यावर आपटू नये म्हणून त्यांनी तिथे साखळीला बांधून एक तांबडं पिंप तरंगत ठेवलं होतं. लोणावळ्याकडच्या काठावरून निघालं की ते पिंप थोड्याच अंतरावर लागायचं. आमच्या लोकांना ते पिंप म्हणजे देवीचा कळसच झाला. होडी तिथे आली की वल्ही थांबवायची, हात जोडायचे, ओंजळभर पाणी उचलून परत सोडायचं आणि मग पुढे जायचं. देवीच्या डोक्यावरून जायचं तर एवढी रीत पाळायलाच हवी, असं सगळ्यांचं म्हणणं. वल्ह्यांची होडी होती तोवर यात काही बिघडत नव्हतं. उलट वल्हवणाऱ्याला जरा दम खाता यायचा.

ही होडी माझा धाकटा भाऊ हौशीराम चालवायचा. मी तेव्हा आंबीच्या शाळेत मास्तर होतो आणि रविवारी घरी यायचो. कुसरवाडीचं दूध, खवा, करवंदं, आजारी माणसं, अडलेल्या बाया, सगळं हौशीरामच्या होडीतून पलीकडे लोणावळ्याच्या वाटेला लागायचं. होडी नसेल तर डोंगराला वळसा घालून जायचं, म्हणजे दूध नासायचं आणि कधी कधी माणूसही वाटेतच जायचं. हौशीराम सडसडीत, बोलका, नावासारखाच हौशी. पण त्याचं लग्न काही जमत नव्हतं. पाण्यापलीकडे मुलगी द्यायला कोण तयार होणार? जी माणसं बघायला यायची ती होडीत बसतानाच नकार ठरवून टाकायची.

त्यात छत्तीस सालच्या पावसाळ्याआधी धरणवाल्यांचा नवा हुकूम आला. त्यांची लाँच एकदोनदा धुक्यात गुराख्यांच्या तराफ्यावर जाता जाता वाचली होती. म्हणून आता धुक्यात आणि अंधारात बिनदिव्याची होडी पाण्यावर दिसली तर ती जप्त होणार आणि उतारू नेणं कायमचं बंद. दिवा असा हवा की लाँचवरून लांबून दिसला पाहिजे. हौशीरामने बांबूला कंदील बांधून दाखवला. लाँचवरचा साहेब म्हणाला, हा काजवा आहे, दिवा नव्हे. साहेबाचं अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडचं श्रावणातलं धुकं असं असतं की भर दुपारी दारातली गाय दिसत नाही, आणि वारा सुटला की कंदील केव्हा विझला तेही कळत नाही.

होडीला पाठीमागे लावायची एक छोटी मोटार हौशीरामकडे त्याच उन्हाळ्यात आली होती. लोणावळ्याला बंगला असलेल्या कुणा मुंबईच्या शेटजींनी ती हौसेनं आणली, दोनदा चालवली, तिसऱ्यांदा दोरी ओढून ओढून खांदा दुखावून घेतला आणि वैतागून हौशीरामच्या गळ्यात घातली. हा त्यांच्या पाहुण्यांना होडीतून फिरवायचा, त्याची ती बक्षिशी. हौशीरामने आठ दिवसांत तिची नस ओळखली. पण आमच्या आईने, धोंडाबाईने, मोटार होडीला लावू द्यायला साफ नकार दिला.

"देवीच्या टकुऱ्यावर मशीन फिरवणार व्हय रं? पंख्यानं तिचा मळवट पुसशील!"

शेवटी तडजोड झाली. तडजोड म्हणजे आईचंच खरं झालं. तिने हौशीरामला बेल-भंडारा उचलायला लावला. पिंपापाशी आलं की मोटार बंद करायची, हात जोडायचे, पाणी सोडायचं आणि देवी मागे पडली की मगच मोटार चालू करायची. कितीही घाई असो, होडीत कुणी असो वा नसो. त्याने हसत हसत भंडारा उचलला. मी तिथेच होतो. मी म्हणालो, "आई, देवीला स्वतःचं देऊळ वाचवता आलं नाही, ती मोटारीवर कशाला रागावेल?" आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ताट उचलून ओसरीवर जाऊन जेवलो.

आता मोटार आहे, पण दिवा नाही. तेव्हा मला गोपाळकृष्णाची आठवण झाली. तळेगावला आम्ही एका वर्गात होतो. तो पुढे लोणावळ्याच्या बाजारात मोटारगाड्या दुरुस्त करायला लागला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं भाऊ ती मोटार गोणपाटात गुंडाळून त्याच्याकडे घेऊन गेलो.

गोपाळकृष्णाने वरचं चाक काढलं आणि आतला लोहचुंबक आम्हाला दाखवला. "हे बघ बजरंग, चाकाबरोबर हा चुंबक फिरतो आणि या गुंडाळीत वीज उठते. तीच ठिणगी होऊन इंजिन पेटवते. इथे शेजारी थोडी जागा आहे. तांब्याच्या तारेची आणखी एक गुंडाळी बसवली, तर एक छोटा दिवा सहज लागेल. वेगळं काही लागायचं नाही."

"म्हंजी फुकटचा दिवा?" हौशीरामचे डोळे मोठे झाले.

"फुकटचा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. फार जोरात पळवलीत तर दिवा जळून जाईल. आणि चाक थांबलं की दिवा गेला. वीज साठवायला यात काही नाही. म्हणून जवळ कंदील पेटलेला ठेवायचा, न विसरता."

"पाण्याच्या मदी मी कशाला थांबतोय?" हौशीराम म्हणाला, आणि लगेच त्याला आठवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "देवीपाशी तेवढं. पापणी लवेस्तोवर."

तार गुंडाळायला, पुन्हा उसवायला आणि पुन्हा गुंडाळायला पुरी सुट्टी गेली. पहिल्यांदा दिवा लालसर मिणमिणला, दुसऱ्यांदा फट्कन जळाला. तिसऱ्यांदा गोपाळकृष्णाने गुंडाळीचे वेढे कमी केले आणि गाडीच्या बाजूच्या दिव्याची काच आणून बसवली. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बांबू उभा केला, त्याच्यावर तो दिवा. मोटारीपासून तिथपर्यंत तार मेणकापडात गुंडाळून नेली. हौशीरामने दोरी ओढली, मोटार फुरफुरली आणि बांबूच्या टोकाला पांढरा, डोळ्यावर येणारा उजेड पडला. काठावरच्या सगळ्या बायका-माणसांनी एकच गिल्ला केला. आमच्या पाण्यावर झालेली वीज आमच्याकडे पहिल्यांदा आली ती अशी, शेटजींच्या टाकाऊ मोटारीतून.

लाँचवरच्या साहेबाने दिवा पाहिला, मान डोलावली आणि होडीला परवानगी दिली. लाँच चालवणारा कोंडाजी आमच्याच कुसरवाडीचा. जमीन गेली तिच्या बदल्यात धरणवाल्यांनी त्याला चाकरी दिली होती. तो हौशीरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता तुझा दिवा दिसला, की मी बाजूला झालोच म्हणून समज." पुढच्याच महिन्यात सुदुंबऱ्याहून एक स्थळ चालून आलं. मुलीचा बाप होडीतून येताना पूर्ण वेळ त्या दिव्याकडेच बघत होता. श्रावण सरला की सुपारी फोडायचं ठरलं.

कंदील मात्र होडीतून गेला. तो आईने नेला. गाय व्यायला झाली होती.

"गोठ्यात अंधार. जनावर आडलं तर हात कुटं घालायचा? तुमच्या होडीला इजेचा दिवा हाय की आता."

हौशीरामने दिला. मीही काही बोललो नाही. घरात कंदील एक होता आणि गाय खरंच व्यायला टेकली होती. यात कुणाची चूक काढायची?

श्रावणातला रविवार होता. दुपारी मी घरून निघालो, सोमवारी शाळा होती. धुकं होतं, पण दाट-विरळ, सरकतं. होडीत उतारू मी एकटाच. पिंप आलं तशी हौशीरामने मोटार बंद केली. दिवा गेला. आजूबाजूला पांढरं, गार, मुकं धुकं. त्याने हात जोडले, पाणी सोडलं. मग दोरी ओढली. मोटार काही चालू होईना. पावसाने ठिणगीची तार भिजली होती. त्याने फडक्याने पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. शेवटी लागली एकदाची.

मी चिडलो. "येताना तू एकटा असशील. थांबू नकोस. सरळ जा."

"भंडारा उचललाय, दादा."

"आई बघायला येणार आहे का इथे?"

"आई न्हाई बघायची," तो म्हणाला, "पण मी घरात गेलो की त्वांडावरनं वळकंल. तिच्याम्होरं मला खोटं बोलाया येत न्हाई, तुला ठावं हाय." आणि हसला. मला त्याच्या त्या हसण्याचा फार राग आला. तो राग घेऊनच मी काठावर उतरलो.

मी छत्री उघडून उभा राहिलो. त्याची होडी वळली आणि निघाली. मोटारीचा आवाज येत होता आणि धुक्यात पांढरा ठिपका दिसत होता, मधूनच पुसट होत होता. मला वाटलं, ऐकेल. एकटाच आहे, पाऊस आहे, ऐकेल. मग आवाज थांबला आणि ठिपका गेला. तो पिंपापाशी पोचला होता.

मी चरफडलो. "जोड हात," मी मोठ्याने म्हणालो, "जोड!" तेवढ्यात डावीकडून लाँचचा जाड आवाज यायला लागला. धुक्यात लाँचलासुद्धा त्या पिंपाशिवाय खूण नव्हती. तीही पिंपाकडेच येत होती. मी छत्री टाकली आणि ओरडलो. हौशीराम दोरी ओढत होता, ते मला ऐकू येत होतं. फर्र... आणि थांबायचं. पुन्हा फर्र... आणि थांबायचं. मी जीव खाऊन ओरडत होतो, "कोंडाजी! कोंडाजी!" लाँचचा आवाज माझ्या आवाजाहून मोठा होता. मग फळ्या फुटल्याचा आवाज झाला. हौशीरामची हाक मला ऐकू आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

हौशीराम धरणात मासळीसारखा पोहायचा. पण लाँचची नाळ त्याच्या डोक्याला लागली होती. कोंडाजीने पाण्यात उडी टाकली, बुड्या मारल्या, हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी हौशीराम धरणाच्या भिंतीच्या बाजूला वर आला.

चौकशीला जो साहेब आला तो आपलाच, मराठी बोलणारा. मी त्याला सगळं सांगितलं. मोटार कशी चालते, दिवा कसा लागतो, देवीपाशी मोटार का बंद करायची. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे त्या वेळी होडीला दिवा नव्हता?"

"मोटार बंद होती म्हणून—"

"नव्हता ना?"

"नव्हता."

"झालं तर," तो म्हणाला.

उतारू नेणं बंद झालं. कुसरवाडीचं दूध पुन्हा डोंगराच्या वळशाने जायला लागलं.

त्यानंतर एका सकाळी कोंडाजी माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. दारात बसला, आत येईना.

"मास्तर, साहेबाला जे सांगाया येत न्हाई ते तुमाला सांगतो. दिवा नव्हता ह्ये खरं. पर म्होरं बघत आसतो तर होडी दिसली आसती. धुकं तेवढं दाट नव्हतं."

"मग?"

"पिंपापाशी आलतो. लाँच बंद कराया येत न्हाई, साहेब बसल्यालं. तवा मी आपलं चाक सोडतो, हात जोडतो आन् डोळं मिटतो. दर येळेला. मनातल्या मनात आईला म्हंतो, मला थांबता येत न्हाई, पोटासाठी हाय, माफ कर." तो रडायला लागला. "डोळं उगडलं तवा होडी पायाखाली."

एकाची मोटार बंद म्हणून दिवा नाही, दुसऱ्याचे डोळे मिटलेले. दोघंही त्या एका जागेवर, एकाच देवीपुढे हात जोडून. त्याला मारावं असं वाटलं. मग वाटलं, मारून काय होणार, याची चाकरी जाईल आणि याची पोरं उपाशी मरतील. मी एवढंच म्हणालो, "जा." तो गेला.

घरात वेगळंच चाललं होतं. आई रडत नव्हती. ती भिंतीला टेकून बसायची आणि घोटभर पाण्यावर दिवस काढायची. वाडीत बोलणं सुरू झालं होतं आणि तिनेही तेच मनाशी धरलं होतं. हौशीराम एकटा होता, पाऊस होता, त्याने मोटार बंद केली नसणार. शपथ मोडली. देवीने नेला.

"म्या सांगितलं व्हतं," ती पुन्हा पुन्हा म्हणायची, "म्या त्याला भंडारा उचलाया लावलता. न्हाई ऐकलं त्यानं."

मी गप्प होतो. खरं मला ठाऊक होतं. मी माझ्या कानांनी मोटार थांबलेली ऐकली होती. पण ते सांगायचं, तर दिवा का गेला तेही सांगावं लागलं असतं. दिवा मोटारीवर चालतो हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिला वाटायचं, गोठ्यातल्या कंदिलासारखाच तो, एकदा लावला की लागलेला राहतो. तिच्या शपथेनेच तो विझला, हे ऐकून ती जगली नसती. म्हणून मी दात ओठ खाऊन, दया म्हणून गप्प होतो. तिच्या तोंडून माझा मेलेला भाऊ रोज खोटा ठरत होता आणि मी ते ऐकून घेत होतो.

दहाव्याला आम्ही काठावर गेलो. मी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. शेजारच्या उंबरावर कावळे होते, पण एकही खाली येईना. लोक ज्याला जे सुचेल ते बोलायला लागले. सुदुंबऱ्याचं लग्न राहिलं म्हणून, आईची काळजी म्हणून, मोटार बुडाली म्हणून. मी एकेक गोष्ट घेऊन हात जोडून हौशीरामला सांगत होतो, आईला मी बघेन, काळजी करू नकोस. कावळे तिकडे आणि आम्ही इकडे.

तेव्हा आई सगळ्यांदेखत म्हणाली, "न्हाई शिवायचा त्यो. शपत मोडल्याली हाय. देवीचा गुन्हेगार हाय त्यो. मलाच त्याचं त्वांड बघाया नगं व्हतं."

माझं डोकं फिरलं. इतके दिवस जपलेली दया कुठल्या कुठे गेली. मी तिच्या अंगावर धावून गेलो असतो. लोकांनी मला धरलं.

"मोडली नाही!" मी ओरडलो. "पाळली! पाळली म्हणून मेला! त्याने मोटार बंद केली, मी या कानांनी ऐकलं. आणि तो दिवा मोटारीवर चालायचा, आई. मोटार बंद की दिवा बंद. त्याने तुझ्यासाठी हात जोडले आणि त्याच वेळी दिवा गेला त्याचा! कोंडाजीला तो दिसला नाही, तुझ्यामुळे! तुझ्या भंडाऱ्यामुळे! कळतंय का तुला?"

आमच्या भांडणाला घाबरून लोक जरा आणखी मागे हटले. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हललाच नाही. मला वाटलं आता कोसळेल. खरं सांगतो, ती कोसळावी असंच मला वाटत होतं. तिने छाती बडवून रडावं, "म्या मारलं माझ्या लेकराला" म्हणावं, एवढंच त्या क्षणी मला हवं होतं.

"बंद केलती?" तिने विचारलं.

"हो."

"तू आयकलंस?"

"हो."

"येकटा आसून? पावसात?"

"हो, आई. हो!"

तिने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग पदर सावरला आणि चार पावलं पुढे पिंडाकडे गेली. "माझ्या वाघा," ती म्हणाली, "पाळलीस रं. म्या उगाच तुला बोलली." आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "आयकलं का? माझ्या पोरानं देवीचा शबूद मोडला न्हाई."

माणसं लांब सरली होती, म्हणून असेल किंवा कावळ्यांना खरंच भूक लागली असेल, पण उंबरावरून एक कावळा खाली आला आणि पिंडाला चोच मारली. सगळ्यांनी एकदम हात जोडले. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. कोंडाजीने तर जमिनीला डोकं टेकलं. मी तेवढा उभा राहिलो.

दिव्याचं मी जे बोललो, ते कुणी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असेल तर कुणाला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आईला तर नाहीच. पुढे वर्षानुवर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझ्या हौशीरामनं मरता मरता मोटार बंद केली, असा लेक व्हायला पुण्य लागतं. सांगताना तिचा चेहरा उजळायचा. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी घरी जायचंच कमी केलं.

त्या दिवशी काठावरून घरी आल्यावर तिने स्वतः चूल पेटवली, भाकरी थापल्या आणि मला वाढलं. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. आई माझ्यासमोर बसून पोटभर जेवली.